आडव्या बाटल्या

आईसाहेबांच्या घरात दिवसा आडवे होण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. निवृत्त यजमानसुद्धा दुपारभर खुर्चीत ताठ बसून पेंगत. एका रात्री जेवताना लेकाने आणलेल्या फ्रेंच रेड वाइनचा घोट घेतला आणि आईसाहेबांनी जन्मात प्रथमच कुणाची तरी तारीफ केली.

“अंगाने भरदार, तरी तोल सुटलेला नाही. हिला हे वळण लावलं कुणी?”

“कुणीच नाही, आई. थंड, अंधाऱ्या खोलीत दहा वर्षं नुसती आडवी पडून मुरली. हलवायचं नाही, एवढंच पथ्य.”

यजमानांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची रिकामी दिसली. आईसाहेबांनी कोठीचे दार उघडताच लेकाने ठेवलेल्या वाइनच्या आडव्या बाटल्यांच्या शेजारून, चादरीखालून यजमानांचा आवाज आला,

 

“उजेड नको गं! दार लाव, आणि दहा वर्षांनी ये.”