जलपरीचे पाय

“हसा की, ताई! समुद्रावर आलाय तुम्ही, दातांच्या डॉक्टरकडे नाही,” फोटोवाली ओरडली.

बागेच्या समुद्राकडच्या टोकाला तिचा लाकडी बोर्ड उभा होता. त्यावर एक कप्तान आणि शेजारी जलपरी रंगवलेली, दोघांच्या तोंडांच्या जागी भोकं. गिऱ्हाइकांनी मागून भोकात मान घालायची आणि हिनं पुढून फोटो काढायचा, बावीस वर्षं हाच धंदा. बोर्ड जमिनीपासून हातभर वर होता, त्यामुळे माणसांचे पाय खाली उघडे राहायचे. ते फोटोत येत नसत, पण तिला दिसत.

कप्तानाच्या भोकात नवरा होता. भांग पाडलेला, गुळगुळीत दाढी केलेला, सगळे दात दाखवणारा. जलपरीच्या भोकात त्याची बायको, तोंड पांढरंफटक. आणि शेपटीच्या खाली, चपलेतल्या तिच्या बोटांवर त्याच्या बुटाची टाच होती. सिगरेट विझवताना फिरवतात तशी ती टाच फिरत होती.

“अहो, दुखतंय,” बायको कुजबुजली.

फोटोवालीजवळ त्यांची सहा वर्षांची पोरगी उभी होती. मघाशी तिच्या हातातलं आइस्क्रीम बापाच्या पँटवर सांडलं होतं. बस, एवढंच निमित्त.

“दुखू दे,” नवरा म्हणाला. हसू जागच्या जागी, शब्द दातांच्या फटीतून. “पोरीला लाडावून ठेवलंयस. फोटो होऊ दे, मग खोलीवर चल. आज तिची पाळी. पट्ट्यानं. आणि मध्ये पडलीस ना, तर गॅलरीतून खाली टाकीन तिला. तुझ्यादेखत.”

लाटांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार, असं त्याला वाटलं असेल. नाहीतर फोटोवालीला तो माणसात धरतच नसेल. तिनं शब्दन् शब्द ऐकला. पोरीनंही ऐकला असणार, कारण तिनं फोटोवालीच्या पिशवीचा पट्टा एकदम घट्ट धरला.

बोर्डाखाली आता बायकोच्या टाचा उचलल्या गेल्या. हात पाठीमागं पिरगळल्याशिवाय टाचा अशा उचलल्या जात नाहीत.

मेल्या, तुझे हात झडोत, फोटोवाली मनात म्हणाली. तोंडानं मात्र साखर पेरली. “साहेब, काय रुबाब आहे! अगदी खरेखुरे कप्तान शोभता. जरा मान पुढं काढा. अजून. हनुवटी बाहेर येऊ दे. आणि दोन्ही हातांनी मागून बोर्ड घट्ट धरा बरं, नाहीतर बोर्ड हलतो नि फोटो बिघडतो.”

स्तुती कुणाला कडू लागते? मान बाहेर आली, हात बोर्डाला आले. खाली टाचा जमिनीला टेकल्या, बूटही बाजूला झाला.

“आणि ताई, तुमच्या उजव्या पायापाशी टेकू आहे. अख्खा बोर्ड त्या एका टेकूवर उभाय. त्याला धक्का लावू नका हं. तो निघाला की बोर्ड मागं आडवा होतो. जड आहे, एखाद्याची मान मोडायची.”

हे ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, जांभई देत. आज तिनं बायकोच्या डोळ्यांत बघून सांगितलं. मग पुन्हा म्हणाली, “उजवा पाय, ताई.”

बायकोनं पोरीकडं बघितलं. फोटोवालीनं पोरीला ओढून आपल्या पाठीमागं उभं केलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

“एक… दोन…”

बायकोचं तोंड भोकातून नाहीसं झालं. बटण दाबलं गेलं, आणि त्याच क्षणी बोर्डाखालचा उजवा पाय सगळ्या ताकदीनिशी टेकूवर बसला.

बायकोनं बाजूला उडी टाकली, आणि बोर्ड उताणा कोसळला, कप्तानासकट. मागच्या फरसबंदीवर डोकं आपटल्याचा आवाज झाडाखालच्या बाकांपर्यंत गेला. लाकडाची कड त्याच्या गळ्यात रुतली होती आणि दात जिभेत. सोनेरी बटणांचा कोट घातलेला कप्तान आता आकाशाकडं बघत पडला होता आणि त्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

बायको लंगडत आली. तिनं रंगवलेल्या छातीवर एक पाय ठेवला. मग दुसरा. बोर्ड करकरला, कप्तानाचे डोळे बाहेर आले.

“ताई, पुरे,” फोटोवाली म्हणाली. “पोरगी बघतेय.”

बायको तशीच उभी राहिली. आणखी थोडा वेळ राहिली. मग खाली उतरली, बोर्डाखाली हात घालून त्याच्या खिशातली खोलीची किल्ली काढून घेतली.

बागेचा रखवालदार धावत आला. “अरे बापरे! काय झालं, मावशी?”

“वारा,” फोटोवाली म्हणाली.

रखवालदारानं किनाऱ्यावरच्या निशाणाकडं बघितलं. ते काठीला चिकटून लोंबत होतं. मग त्याला बायकोच्या पायाची बोटं दिसली. दोन नखं उपटून आली होती.

“मोठाच वारा म्हणायचा,” तो म्हणाला, आणि अँब्युलन्स बोलवायला निघाला. निघाला म्हणजे चालत निघाला.

बायकोनं पोरीला कडेवर घेतलं. “फोटो आला का, मावशी?”

फोटोवालीनं कॅमेरा तिच्यापुढं धरला. कप्तान सगळे दात दाखवून हसत होता. जलपरीच्या भोकात कुणीच नव्हतं, मागचा समुद्र तेवढा दिसत होता.

“बिघडला,” फोटोवाली म्हणाली. “पुसून टाकते.”

“नको,” बायको म्हणाली. “हाच द्या.”