मामांच्या प्रवासाचे कपडे

"कोटच," स्वयंपाकी म्हणाला. "माणूस चौदा वर्षांनी कायमचा घरी चाललाय. जाऊ दे की रुबाबात."

"घालून बघितला होता त्यांनी. दोन मिनिटांत काढून फेकला," ड्रायव्हर म्हणाला. "बगलेत काचतो म्हणाले. सात तासांचं विमान आहे. जीव गुदमरेल मामांचा."

मामांचा जीव परवाच गेला होता. वेल्डिंग करता करता छातीत कळ आली, खाली बसले, ते उठलेच नाहीत. पण हे त्या ड्रायव्हरला आता कोण सांगणार? गेल्या दोन दिवसांत त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

खोलीत तिघांच्या तीन खाटा. मधल्या खाटेवर मामांची बॅग उघडी पडली होती. चार वाजता कंपनीची गाडी यायची होती. तिच्यातून ड्रायव्हरने कपडे घेऊन दवाखान्यात जायचं, मामांना घालायचे, आणि मग पेटी विमानतळावर. साडेतीन वाजून गेले तरी दोघांचं कोटावरच अडलं होतं.

तेवढ्यात उशीवर ठेवलेला मामांचा फोन वाजू लागला. पडद्यावर 'घर' असं आलं. मामांच्या थोरल्या भावाने बजावून ठेवलं होतं, "पेटी इथं पोचेपर्यंत त्याच्या बायकोला काही कळता कामा नये. आजारी आहे, पाठवतोय, एवढंच सांगा." हो म्हणायला काय जातं? दोघांनी हो म्हटलं होतं.

शेवटी ड्रायव्हरने फोन उचलला आणि दोघांना ऐकू येईल असा मोठा करून खाटेवर ठेवला.

"मामी, मामा झोपलेत," तो एका दमात म्हणाला. "इंजेक्शन दिलंय."

"झोपू दे, उठवू नका," मामी म्हणाल्या. "प्रवासाचे कपडे काढलेत का त्यांचे?"

"तेच चाललंय. कोट..."

"कोट कशाला? लग्नाला चाललेत का ते? झोपवूनच आणणार ना?"

ड्रायव्हरने कोट घडी करून बाजूला ठेवला. "हो मामी. झोपवूनच."

"मग कोट नको. ती राखाडी पँटही नको, पोटाला आवळते. नाडीची पँट असेल बघा, निळी. आणि पांढरा सदरा, बिनकॉलरचा."

स्वयंपाक्याने बॅगेच्या तळातून सदरा काढला. धुऊन धुऊन पार मलमलीसारखा झाला होता. त्याने तो उजेडात धरला आणि हळूच म्हणाला, "मामी, याला ठिणग्यांची भोकं पडलीत हो. चांगला नवा शर्ट आहे त्यांचा. चार लोक बघतील..."

"लोकांचं मी बघते. नवा कपडा टोचतो त्यांना. आमच्या लग्नातसुद्धा दिवसभर खाजवत बसले होते." मामी जरा हसल्यासारख्या झाल्या. "आणि नाडी करकचून बांधू नका. दोन बोटं जातील एवढी सैल ठेवा."

"ठेवतो," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि दाढी करून घ्या. आजारपणात वाढली असेल."

"मामा उद्या उठले की स्वतःच करतील की," स्वयंपाकी बोलून गेला. बोलल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. इतकं सफाईने खोटं आपल्याला येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पलीकडून कोणाच्या तरी खोकण्याचा आवाज आला. मग पावलं वाजली, दार लोटलं गेलं, कडी लागली. आता मामी बोलल्या त्या अगदी हलक्या आवाजात.

"सासूबाई शेजारी होत्या, म्हणून बोलता येत नव्हतं. त्यांना अजून माहीत नाही. तुम्हीही कळू देऊ नका. मी सांगेन जमेल तसं."

"काय... काय माहीत नाही मामी?" ड्रायव्हरने उगाच विचारलं.

"राहू दे रे बाबा. वाटणीवरून भांडण झालं तेव्हापासून थोरल्या भाऊजींनी बारा वर्षं आमची पायरी चढली नव्हती. ते कालपासून तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा पाणी मागितलं, आणि पाणी न पिताच उठले. मला काय कळत नाही?"

ड्रायव्हरचं दोन दिवस दाबून धरलेलं रडू एकदम बाहेर आलं. ते फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून त्याने तोंडात मूठ घातली, पण ऐकू गेलंच. मामींनी त्याला पुरेसं रडू दिलं. स्वयंपाकी खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"कपडे कोण घालणार आहे त्यांना?" मामींनी मग विचारलं.

"मीच, मामी."

"बरं झालं. परकं माणूस नको." त्यांचा आवाज आता थरथरू लागला होता, तरी शब्द त्या नीट लावत होत्या. "पायमोजे घाल त्यांना. लोकरीचे असतील तर लोकरीचे. विमानात खाली सामानाच्या जागी फार गारठा असतो म्हणतात."

"घालतो."

"आणि हळू घाल हं. तळव्याला हात लागला की फार गुदगुल्या होतात त्यांना."