येतो हं
आईचा रोबो कंपनीनं काल भंगारात काढला. म्हणजे, आईच्या लेखी असं काहीही झालेलं नाही. तो नुसता बाहेर गेलाय. यंत्रांना माणसांत वागायला शिकवणं ही माझीच नोकरी. ‘जातो’ म्हटलं की घरच्यांना धस्स होतं, म्हणून निघताना ‘येतो’ म्हणायचं, हा माझाच धडा. गाडीत चढवतानाही तो आईला ‘येतो हं’ म्हणाला. तिनं त्याची चार्जिंगची वायर दारापर्यंत ओढून, बटण चालू करून ठेवलीय. “दमून येईल बिचारा.” “आई, तो येणार नाही.” “गप रे! तुझ्यासारखा नाही तो, शब्दाचा पक्का आहे.” “असं नुसतं म्हणायचं असतं गं.” “म्हणजे खोटं बोलायला शिकवलंस त्याला?” मी कंपनीला अर्ज लिहायला बसलो. कंपनीस नम्र विनंती: सदर यंत्र, तुकडे जोडून का होईना, एकवार पाठवावे; त्याने आईस स्पष्ट ‘जातो’ म्हणून निघावे.