पुठ्ठ्याची खिडकी

काचेखाली तिचाच फोटो होता.

पाठीवरचं दप्तर न उतरवताच ती टेबलावर वाकली. फोटो गेल्या सुट्टीतला, पुढचा दात पडला होता तेव्हाचा. मूळ फोटोत शेजारी बाबाही होते. पण वरच्या पांढऱ्या पुठ्ठ्याला खिडकी अशी कापली होती, की बाबा नेमके बाहेर राहिले होते. त्यांची चार बोटं तेवढी तिच्या खांद्यावर उरली होती. बाजूला गडद लाकडाच्या चार पट्ट्या कोपरे जुळवून मांडल्या होत्या. आत फ्रेमवाले काका पाठमोरे बसून करवत चालवत होते.

शाळा सुटली की ती रोज या गल्लीतून रमतगमत यायची. आधी इस्त्रीवाल्याच्या दारातली ऊब, मग सायकलवाल्याच्या घमेल्यात पंक्चर ट्यूबमधून निघणारे बुडबुडे, आणि शेवटी हे दुकान. पट्ट्यांचे उरलेले तुकडे ती घरी न्यायची, म्हणून काका तिला सुतारीण म्हणायचे. दुकानाचा नियमही त्यांनीच तिला शिकवला होता.

"जिवंत माणसं अल्बममध्ये, गेलेली माझ्याकडे. म्हणून तर माझं गिऱ्हाईक कधी कुरकुर करत नाही!" आणि मग स्वतःच खो खो हसायचे.

तिनं हा नियम घरी पडताळून पाहिला होता. भिंतीवर आजोबा होते, आजी होती, लहानपणीच गेलेला बाबांचा भाऊ होता. चौथं कुणी नव्हतं. नियम बरोबर होता.

तिनं पुन्हा काचेखालच्या स्वतःकडे पाहिलं.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. तिचा खोकला अजून पुरता गेला नव्हता. आई-बाबा दार लोटून बोलायचे आणि ती आत गेली की गप्प व्हायचे. आत्या भलीमोठी ट्रंक घेऊन राहायला आली होती. "कशाला आलीस गं?" विचारलं तर म्हणाली, "तुझ्यासाठीच, बाई." आई हल्ली रागवतच नव्हती. परवा हातून चांगली कपबशी फुटली, तरी नुसतं "फुटू दे" म्हणाली. आणि सकाळी डोळे उघडावेत तर आई उशाशी बसलेली, काही न बोलता तिच्याकडे बघत.

एकच गोष्ट बसत नव्हती. गेले काही दिवस आई तिला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवत होती. हात भरून आले तरी सोडत नव्हती. मरणाऱ्या मुलीला वेणी यायची काय गरज? तिनं ती गोष्ट बाजूला ठेवली. बाकी सगळं जुळत होतं.

"अगं, तू कधी आलीस?" काका करवत टाकून लगबगीनं आले आणि त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

"मी पाहिलाय फोटो."

"कसला फोटो? गिऱ्हाइकाचं काम आहे ते."

"गिऱ्हाईक मीच आहे ना?" तिचा आवाज चिरकला. "मी कधी मरणार, काका?"



"काय बोलतेस हे? कोण म्हणालं तुला?"

"तुम्हीच. गेलेली माणसं तुमच्याकडे येतात. आईला माहीत आहे, बाबांना माहीत आहे, आत्याला पण. तुम्हालासुद्धा सांगितलं. मलाच नाही."

काका मटकन स्टुलावर बसले. त्यांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या हाताला सरसाचा वास येत होता.

"वेडाबाई! गंमत करतो गं मी. तू चांगली ठणठणीत आहेस, शंभर वर्षं जगशील. हे बघ..." त्यांनी वर्तमानपत्र सारलं आणि फ्रेमच्या मागे लावायची फळी तिच्या हातात दिली. "भिंतीवर लावायची असती तर कडी नसती का बसवली? ही टेबलावर उभी करायची."

तिनं फळी उलटसुलट करून पाहिली. कडी नव्हती. टेकू होता. पुरावा पक्का होता. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तिला एकदम हसू फुटलं.

काकाही हसले. त्यांना हुरूप आला. "आणि भिंतीवरची फ्रेम एवढीशी असते होय, सुतारीणबाई? मी तर मोठी करणार होतो. तुझी आईच म्हणाली, नको, बॅगेत कपड्यांमध्ये मावेल एवढीच..."



"कुठल्या बॅगेत?"

काकांनी मांडीवरचा भुसा झटकला. भुसा नव्हताच तिथं.

"आई कुठं चाललीय?"

"बाबा सांगणार होते तुला. ती गेल्यावर."

"आणि मी?"

"तू इथंच. बाबा आहेत, आत्या आहे. मी आहे."

"परत कधी येणार?"

"मोठ्या माणसांचं असतं काहीतरी, बाळा. तिनं मला शपथ घातली होती गं. म्हणाली, मी जाताना लेकीला बघवणार नाही."

गल्लीत सायकलवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता. ती फोटोतल्या दात पडलेल्या मुलीकडे बघत राहिली. मुलगी हसत होती. ती आईच्या बॅगेतून जाणार होती.

"काका," तिनं विचारलं, "मी खरंच मरणार असते, तर थांबली असती का हो आई?"