एक्काहत्तर नंबरचं कार्ड

एक्काहत्तर नंबर डब्यात होता. उमेशने कार्ड दोनदा उलटून पाहिलं, मोटारसायकलच्या सीटवर ठेवलं, पुन्हा हातात घेतलं. कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते. शंभरांच्या संचात हे एकच राहिलं होतं. पंचायत समितीतला चाळिशीचा क्लार्क, आणि पोशेऱ्याच्या रस्त्याकडेला ऐनाच्या झाडाखाली सकाळी सकाळी एकटाच हसत उभा! कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं.

हा नाद त्याला जीपवाल्या लाडक्याने लावला. क्रिकेटच्या कार्डांचं पाकीट पाच रुपयांना मिळायचं, तेव्हापासून दोघं मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी जीपच्या बॉनेटवर कार्डं मांडून अदलाबदल करायचे. उमेशच्या जुळ्या पोरी, मीना आणि योगिता, लाडक्याच्याच जीपने शाळेत जायच्या. त्याला मूलबाळ नव्हतं. पुढची सीट या दोघींची ठरलेली.

पुढे पाकीट दहाचं झालं, मग पन्नासचं. यंदा दुकानदाराने शंभर सांगितले, आणि वर उपकार केल्यासारखा बघत राहिला. मोबाइलवर तर एकट्या एक्काहत्तर नंबराला लोक हजारो मागत होते. गंमत म्हणून धरलेल्या नादाला एवढे पैसे कोण घालणार? उमेशने पाकिटं घेणं सोडून दिलं. लाडक्याने काही सोडलं नसतं. पण पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. पोरींना खरं सांगायला उमेशची जीभ रेटेना. काका नाशिकला कामाला गेलाय, एवढंच त्याने सांगितलं.

लाडक्याच्या पाड्यात माणूस गेला की त्याची जिवाभावाची वस्तू शिवेवर ठेवून येतात. तिला कोणी हात लावत नाही. त्याच्या आईने, धोंडीबाईने, कार्डांचा पत्र्याचा डबा या ऐनाखाली ठेवला. उमेशचा ऑफिसचा रस्ता तिथूनच. महिनाभर त्याने मान फिरवली, मग एक दिवस डबा उघडला. त्याला हवं असलेलं एक कार्ड अगदी वरच होतं. पण फुकट उचलायला मन धजेना. म्हणून त्याने आपल्याकडचं एक जास्तीचं तिथे ठेवलं. लाडक्याचाच नियम होता तो. ज्याच्याकडे दोन असतील त्याच्याकडून एक घ्यायचं. ज्याच्याकडे एकच आहे, त्याच्याकडे चुकूनही मागायचं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यात उमेशचं कार्ड नव्हतं. त्या जागी त्याला हवं असलेलं आणखी एक होतं. काल ते डब्यात नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. वारा असेल, गुराखी असतील, असं त्याने मनाला समजावलं. पण वाऱ्याला नंबर कुठले कळायला? तरी तिसऱ्या दिवशी तो थांबलाच. बिनपैशाचं मिळतंय म्हटल्यावर भीतीसुद्धा जरा बाजूला सरकून बसते.

एकदा धोंडीबाईने त्याला पाहिलं. डोक्यावर लाकडाची मोळी होती. ती रागावली नाही. मोळी खाली ठेवली, घाम पुसला आणि हळूच बोलली.

"भाऊसाहेब, हात लावू नका. त्याला वाटंल, येव्हार अजून चालूच हाये."

उमेश हसला. उद्यापासून नाही थांबणार म्हणाला. तेव्हा चार कार्डं बाकी होती.

आणि आज संच पुरा झाला. त्याने खिशातलं पाकीट काढलं आणि एक्काहत्तर नंबर प्लॅस्टिकच्या कप्प्यात सरकवला. तो आत जाईना. कप्प्यात आधीच एक कार्ड होतं. बाहेर काढून बघतो तर काल संध्याकाळी डब्यात ठेवलेलं जास्तीचं कार्ड ते. म्हणजे ते त्याने ठेवलंच नव्हतं. काल मागून ट्रक येत होता, रिमझिम चालू होती, आणि त्याने न बघताच कप्प्यातून हाताला लागलं ते डब्यात टाकलं होतं.

त्या कप्प्यात कालपर्यंत मीनाचा फोटो होता. शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला, कार्डाएवढाच. मागे उमेशच्याच अक्षरात तिचं नाव होतं.

त्याने डबा पालथा केला. एकेक कार्ड वेगळं केलं. पाचोळ्यात हात घातला. फोटो नव्हता. मग तो खाली बसला आणि स्वतःची समजूत घालू लागला. फोटो काय, दुसरा काढता येईल. आणि काही झालं तरी लाडक्या तो लाडक्याच. कोणाची एकुलती एक वस्तू त्याने उभ्या जन्मात घेतली नाही. माझी मीना एकच आहे, उमेश मोठ्याने म्हणाला. जगात दुसरी मीना नाही. तरीही त्याने एक्काहत्तर नंबर डब्यात परत ठेवला, डब्याला हात जोडले आणि ऑफिस सोडून गाडी घराकडे फिरवली.

ओट्यावर योगिता एकटीच बसली होती. अंगात गणवेश, पाठीला दप्तर. शेजारी मीनाचं दप्तर होतं. आत त्याची बायको नीता भाकरी थापत होती. दोघी पोरी ओट्यावरच आहेत, असं ती धरून चालली होती.

मीना कुठे आहे, उमेशने विचारलं.

योगिता रुसली होती. तिने मान वर केली नाही.

"लाडक्याकाका आला होता जीप घेऊन. मला नेलंच नाही त्याने. म्हणाला, तुझ्या बापाकडं दोन हायेत, मी एकच नेतो."