वारसा भाषक, प्रथम क्रमांक

शू-मिन चिनी भाषेच्या परीक्षेत पहिली आली. पण तसं काही झालंच नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

घर म्हणजे यिशुन या उपनगरातला तिच्या आजींचा फ्लॅट. मी त्यांचा पुणेरी भाडेकरू. शू-मिन इंग्रजीत वाढली. आजीशी बोलता यावं म्हणून तिनं ‘वारसा भाषक’ नावाच्या कोर्सला वर्षभराचे शनिवार वाहिले. तिथे मँडरिन, म्हणजे टीव्हीवरची प्रमाण चिनी, शिकवली, चहा ओतायची रीत शिकवली, पूर्वजांपुढे किती वाकायचं तेही शिकवलं. घरात जिवंत असलेला पूर्वज कुठली भाषा बोलतो, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

सर्टिफिकेट मिळालं त्या संध्याकाळी ती आजींसमोर बसून दहा मिनिटं अस्खलित मँडरिन बोलली. आजींना फक्त त्यांच्या गावची टिओच्यू बोली येते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि मला टिओच्यूत विचारलं, “ही मला बातम्या का देतेय?”

“आमा काय म्हणाली?” शू-मिननं विचारलं.

“आवाज छान आहे म्हणाल्या.”

“पण तुला टिओच्यू कशी काय येते?”

“चार वर्षं त्यांच्यासोबत भाजी निवडतोय.”

दुसऱ्या दिवशी आजींनी माझ्याकडून कोर्सच्या संचालकांना पत्र लिहून घेतलं: ‘महोदय, आपल्या कोर्सपूर्वी सदर नात दर शनिवारी माझ्या शेजारी बसून गप्प भाजी निवडत असे. आमचं उत्तम चाललं होतं. तरी बावन्न शनिवार परत मिळावेत, ही विनंती.’