सव्विसावा टेक

"पुन्हा," नेस्तोर म्हणाला.

चेरिलिनने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. सकाळी आठपासून ती त्याच पलंगावर होती. शूटिंगसाठी घेतलेल्या मरिकिनातल्या त्या भाड्याच्या घराच्या खिडक्या काळ्या कापडाने झाकल्या होत्या. बाहेर दुपारचे दोन वाजले होते. पंखा बंद होता, कारण त्याची घरघर टेपवर येत होती.

"डिरेक, एकवीस टेक झाले."

"होऊ देत. टेप स्वस्त आहे."

खरं दुखणं तेच होतं. डिरेक, म्हणजे दिग्दर्शक, म्हणून नेस्तोर बालुयुतने रिळावर नऊ चित्रपट केले होते. तेव्हा तिसऱ्या टेकलाच निर्मात्याचा चेहरा पडायचा. आता हा तळहातावर मावणारा डिजिटल कॅमेरा आला आणि थांबायला कारणच उरलं नाही. शिवाय चित्र दिसायचं लग्नाच्या व्हिडिओसारखं सपाट, भगभगीत. निर्माता खूश होता. पलंग, सुरा, उघडी पाठ, दहा दिवसांत काम फत्ते! नेस्तोरला मात्र एक तरी क्षण असा हवा होता, की लोक पाठ बघायचं विसरतील. आपल्याला मारायला नवऱ्यानेच माणूस पाठवलाय, हे बाईला कळतं तो क्षण.

"तुम्हाला हवंय तरी काय?"

"खरं."

"मी तर खोट्याचेच पैसे घेते, डिरेक."

कॅमेऱ्यामागून ओबेट फिसकन हसला. नेस्तोरने नुसतं बघितल्यावर तो घाम पुसायला लागला.

बावीस. तेवीस. चोवीस. रडली की नाटकी वाटायचं, नाही रडली की कोरडं. पंचविसाव्याला नेस्तोरने हातातले कागद भिंतीवर भिरकावले.

"भाजी निवडतेयस का? आयुष्य संपलंय तुझं, बाई!"

"पाच मिनिटं द्या," ती म्हणाली आणि चादर गुंडाळून, पर्स घेऊन न्हाणीघरात गेली.

परत येऊन बसते न बसते, तोच तिचा फोन वाजला. ओबेटने कॅमेरा सुरू केलेला होता.

"हो, मीच बोलतेय... केव्हा?"

फोन कानाला, ओठ अर्धवट उघडे. डोळ्यांतलं काहीतरी हळूहळू विझत गेलं. ओबेटचा हात बटणाकडे गेला. नेस्तोरने तो मनगटाला धरून थांबवला.

"नानाय गेली," चेरिलिन म्हणाली. "आई गेली माझी."

दहा मिनिटांत ती कपडे करून दाराशी उभी होती. "तिला गावी नेणार, इलोइलोला. कुणी येऊ नका." नेस्तोर मान खाली घालून हो म्हणाला. टेप त्याच्या खिशात होती.

त्याने ती वापरली. चित्रपट लागला तेव्हा शिट्ट्या मारणारे पुरुष त्या जागी एकदम गप्प झाले. वर्तमानपत्रांनी त्या चेहऱ्याबद्दल रकाने भरले. परदेशातून आमंत्रण आलं. नेस्तोर मात्र दर खेळाला तो प्रसंग आला की उठून बाहेर जायचा. चेरिलिनला फोन करायला त्याचा हात धजत नव्हता.

आठ महिन्यांनी तो मलाबोनला तिच्या घरी गेला. हातात चर्चमधून आणलेलं कार्ड होतं, तिच्या आईच्या नावाने मिस्सा, म्हणजे मृतात्म्यासाठीची प्रार्थना, सांगितल्याचं. दार एका जाडजूड, पिकल्या केसांच्या बाईने उघडलं. मावशी असावी.

"अगं बाई, डिरेक तुम्ही! पेपरात फोटो पाहिलाय. पोरगी बाजारात गेलीय. या, जेवलात का?"

तो उंबऱ्यावरच उभा राहिला. कार्ड पुढे केलं. "मी पाप केलंय. तिच्यावर आभाळ कोसळलं, अन् मी कॅमेरा चालू ठेवला. तिची माफी मागायला आलोय."

बाईने कार्ड लांब धरून शब्द लावून वाचलं. छातीवर क्रूसाची खूण केली. मग तिला हसू आवरेना.

"अहो, तो फोन मीच केला होता! पोरगी न्हाणीघरातून फोन करून कळवळून म्हणाली, 'नानाय, पाच मिनिटांनी मला फोन कर आणि मर, नाहीतर हा माणूस मला आज घरी सोडत नाही.'"